नऊ नंबरचा वाचक

अकरा वर्षांत तपासनिसांनी आपल्या ब्लॉगवर चारशे सहा लेख लिहिले आणि ते झाडून सगळे लिफ्टवर होते. लिफ्ट तपासून दाखला द्यायचा हीच त्यांची नोकरी. ज्या गोष्टीचे दोर, चाकं आणि ब्रेक माणूस रोज हाताळतो, तिच्याविषयी त्याला बोलावंसं वाटणारच. घरात ऐकणारं एकच माणूस होतं आणि तेही बिचारं किती ऐकणार! म्हणून ब्लॉग. नाव 'वरखाली'.

ते ऐकणारं माणूस म्हणजे त्यांची बायको. अकरा वर्षांत तिने एकही लेख वाचला नव्हता.

"एकदा तरी वाचून बघ," तपासनीस म्हणायचे.

"दिवसभर तुम्हाला ऐकते तेवढं पुरे नाही का?" ती म्हणायची. "तेच परत वाचायचं कशाला?"

तपासनीस विषय बदलायचे. पण मनातून ते खट्टू व्हायचे. लोक वाचतात आणि घरातलं माणूस वाचत नाही, ही सल काही जात नव्हती.

खरं तर ती लेखांत भरपूर होती. विनोदाला बायको लागतेच. लेखातली बायको दर आठवड्याला चाव्या हरवायची, आमटीत दोनदा मीठ घालायची आणि लिफ्टला अशी घाबरायची की चार मजले जिन्याने चढायची. खरी बायको आयुष्यात दोनदा चाव्या विसरली होती. जिना ती चढायची, पण भीतीने नाही. प्रत्येक मजल्यावर तिचं कुणी ना कुणी गप्पा मारायला दारात उभं असायचं. आता 'बायको गप्पांसाठी जिना चढते' यात हशा नाही, आणि 'लिफ्ट तपासणाऱ्याची बायको लिफ्टला घाबरते' यात आहे. तपासनिसांनी हशा निवडला.

लिहिण्याची त्यांची एक खोडही होती. लिफ्टचा दाखला देताना प्रत्येक बोल्ट तीनदा बघणारा हा माणूस लेख मात्र न वाचताच प्रसिद्ध करायचा. प्रसिद्ध झाल्याशिवाय त्यांना स्वतःच्या चुका दिसतच नसत. बटण दाबायचं, चहा करायचा, मग कप घेऊन बसायचं आणि जास्तीचे शब्द, चावट वाक्यं, बायकोवरचे अति झालेले विनोद काढून टाकायचे. हे चालायचं, कारण त्यांचा लेख वाचकांपर्यंत नेण्याचं काम एका कंपनीकडे होतं आणि ती तो उचलायलाच अर्धा तास लावायची. त्या अर्ध्या तासावर तपासनिसांची सगळी अब्रू टिकून होती.

मग एक दिवस त्या कंपनीचं पत्र आलं. ही सेवा आम्ही बंद करत आहोत, आपली फीड, म्हणजे वाचकांना नवे लेख पोचवणारी वाट, आपण दुसरीकडे हलवावी, लोभ असावा.

तपासनिसांनी मेहुण्यांना बोलावलं. बायकोचा हा धाकटा भाऊ टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाला होता आणि तारा असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याला मत होतं.

"दुसरीकडे कशाला, घरातच ठेवू," मेहुणे म्हणाले. "सोपं आहे, भाऊजी. वाचकाचं यंत्र दर अर्ध्या तासाने येतं, दार वाजवतं आणि विचारतं, नवीन काही? असलं तर घेऊन जातं, नसलं तर निमूट परत. आजवर ते कंपनीचं दार वाजवत होतं. आता तुमचं वाजवेल."

"म्हणजे दोनशे बारा वाचक इथे येणार?" तपासनीस हरखले. दोनशे बारा हा आकडा कंपनीने दिलेला होता आणि ओळखीपाळखीत तो सर्वांना पाठ होता.

"येऊ देत की. पण एक लक्षात ठेवा. आता मधला अर्धा तास नाही. तुम्ही बटण दाबलं की लेख दारात. कुणी उचलला की उचलला. तुम्ही इथे खोडलंत तरी त्याच्याकडे गेलेलं परत येत नाही."

तपासनिसांनी हात झटकला. जुना लॅपटॉप बाहेरच्या खोलीत चपलांच्या मांडणीवर ठेवण्यात आला. "तुमचे दोनशे बारा लोक येणार असतील तर चपला कुठे काढतील?" एवढं एकच बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या करायला गेली.

आठवड्याने मेहुण्यांनी लॅपटॉपवर या दाराची नोंदवही उघडली. कोण आलं, किती वाजता आलं, काय घेऊन गेलं, सगळं तिच्यात आपोआप लिहिलं जायचं. मेहुणे बराच वेळ खाकरले.

"भाऊजी, रागावू नका. तीन आहेत."

"तीनशे?"

"तीन. बाकीची खाती मेलेली होती, कंपनी मोजत बसली होती. एक मी. एक तुम्ही स्वतः, फोनवरून."

तपासनीस खुर्चीत बसले. खुर्ची करकरली.

"आणि तिसरा घरातलाच आहे," मेहुणे म्हणाले. "घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबर असतो. हे डबडं एक, तुमचा फोन दोन, ताईचा फोन तीन. हा नऊ नंबर आहे. दर तासाला दहा मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी येतो. एकदाही चुकलेला नाही."

दोघांनीही स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत बायको गुणगुणत भांडी लावत होती.

"तिचा जुना टॅब," तपासनीस कुजबुजले. त्यांचा चेहरा असा उजळला की मेहुण्यांनी विषय तिथेच सोडला. दोनशे नऊ वाचक गेले होते आणि त्यांना काडीचं दुःख नव्हतं.

विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते आणि वाचणंही सोडलं असतं. तपासनिसांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. पुढचा लेख करकरणाऱ्या लिफ्टवर होता आणि त्यात त्यांनी सहज लिहिलं की आमच्या घरातली खुर्चीही अशीच करकरते, कुणीतरी बघायला हवं. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले. खुर्ची गप्प. ते उठले, पुन्हा बसले, जोर देऊन डुलले. आवाजच नाही. लाकडाचा नाही, कापडाचासुद्धा नाही.

त्यांनी बायकोकडे पाहून डोळे मिचकावले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "डोळ्यात काही गेलं का?"

मग त्यांनी भिंतीवरच्या मागे पडणाऱ्या घड्याळाविषयी लिहिलं. घड्याळ अगदी सेकंदापर्यंत बरोबर झालं. मग वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांविषयी लिहिलं. ते रोज संध्याकाळी सहाला दोरीवरच्या उड्या मारत आणि छताचा दिवा हलत असे. 'या उड्या कुणी थांबवेल तर बरं होईल.' तिसऱ्या दिवशी उड्या थांबल्या. बायकोने वर जाऊन गोड बोलून सांगितलं असणार. ती असं काही फार छान सांगायची. तपासनिसांना तिच्याविषयी इतकं प्रेम दाटून आलं की त्यांनी दोन दिवस आमटीला नाव ठेवलं नाही.

पुढच्या सोमवारी ती आठ दिवसांसाठी थोरल्या बहिणीकडे गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. रात्रीच्या जेवणाआधी रोज फोन व्हायचा.

"एक विचारू?" तपासनीस एकदा म्हणाले. "खुर्चीला तेल कधी घातलंस?"

"मी? मला वाटलं तुम्हीच घातलंत. मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, सुधारले."

काय साळसूद बोलते, असं मनाशी म्हणत तपासनीस हसले.

ती परत यायची त्या दिवशी त्यांनी सुट्टी घेतली होती. केर काढला, उशांचे अभ्रे बदलले आणि खुशीत येऊन चारशे बारावा लेख लिहायला घेतला. विषय एकट्या माणसाला घेऊन वरखाली करणाऱ्या लिफ्टचा. ओघात एक वाक्य आलं. 'घर सध्या इतकं शांत आहे की बायको कायमची बहिणीकडेच राहिली तरी माझी हरकत नाही.' लिहितानाच त्यांना कळलं की हे काढावं लागणार. पण काढायचं ते नंतर, चहा घेऊन. चार वाजून आठ मिनिटांनी त्यांनी बटण दाबलं.

चहाला दूध नव्हतं. पिशवी आणायला ते लिफ्टने खाली गेले आणि परत येताना वरचे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले. काखेत कुबड्या, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये.

"अरे! हे कधी झालं?"

"झाले की पंधरा दिवस. उड्या मारत होतो." गृहस्थ लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. "एक सांगू? हसाल तुम्ही. दोरीची दोन्ही टोकं माझ्याच हातात होती. पण ती मध्ये कुणीतरी धरली."

"धरली म्हणजे?"

"धरली," गृहस्थ म्हणाले. चौथा मजला आला.

तपासनिसांनी चहा केला नाही. लॅपटॉपपाशी उभे राहून त्यांनी आधी ते वाक्य खोडलं. मग नोंदवही उघडली. एरवी ती उघडायचं कारण नव्हतं. वाचणारी इथे नव्हतीच.

चार दहा. नऊ नंबर. लेख घेऊन गेला.

त्याच्या वर तीन चाळीस. तीन दहा. दोन चाळीस. आठही दिवस, दिवसरात्र, एकदाही न चुकता, रिकाम्या घरात.

तपासनीस तर्काने चालणारा माणूस. टॅब घरी राहिला असेल, चालू राहिला असेल. त्यांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात तिची जुनी हिरवी छत्री होती, तिच्याखाली टॅब होता. त्याची बॅटरी फुगून पाठ उकललेली होती आणि काचेवर बोटभर धूळ होती. तो कित्येक वर्षांत कुणी सुरू केलेला नव्हता.

त्यांनी बायकोला फोन लावला. फोन बंद. बहिणीला लावला.

"तीनच्या गाडीत बसवून दिलं की तिला," बहीण म्हणाली. "साडेसातला पोचेल. एवढी आठवण येते होय?"

मेहुण्यांना लावला. "फीडमधून गेलेलं वाक्य परत घेता येतं का?"

"नाही म्हणून सांगितलं होतं ना! काय लिहिलंत?"

"घेता येतं का?"

"नाही, भाऊजी. फार तर नवीन लेख टाका, आधीचं चुकलं म्हणून. आवाज का असा येतोय तुमचा? बरं, मी स्टँडवर जातो ताईला आणायला."

चार सदतीस झाले होते. तपासनिसांनी आयुष्यातला सर्वांत लहान लेख लिहिला. त्यात लिफ्ट नव्हती. 'ते वाक्य थट्टा होती. माझी बायको आज सात वाजता घरी यायला हवी. मला ती हवी आहे.' बटण दाबलं आणि ते घड्याळाकडे बघत उभे राहिले.

चार चाळीस. नऊ नंबर. घेऊन गेला.

त्यानंतर ते त्या गप्प खुर्चीत बसून राहिले. पाच दहा, पाच चाळीस, सहा दहा, सहा चाळीस.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले आणि दाराची बेल वाजली.

ती दारात उभी होती. जातानाचीच साडी, तोच चष्मा, कपाळावर तीच आठी.

"चाव्या हरवल्या," ती म्हणाली.

तपासनीस हसायला लागले आणि हसता हसता रडले. तिला हाताला धरून त्यांनी आत आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"वाचलं हं मी," ती म्हणाली. "सगळं."

सात चाळीसला मेहुण्यांचा फोन आला. "भाऊजी, गाडी आली पण ताई तिच्यात नाही हो. कंडक्टरला काहीच सांगता येत नाही."

"ती घरी आहे," तपासनीस म्हणाले.

"आं? मग ठीक. मधेच कुठे उतरून दुसरं काही पकडलं असेल. वेंधळी! बॅग सीटवरच राहिलीये, आणि फोनही आतच. घेऊन येतो."

पहिले दोन दिवस तपासनीस तरंगत होते. ती लेखांतली वाक्यंच्या वाक्यं म्हणून दाखवायची आणि हसायच्या जागी बरोबर हसायची. ज्या वाचकासाठी जीव तळमळला होता तो समोर बसला होता. आमटीत मीठ दुप्पट होतं. त्यांनी ती निमूट ओरपली.

तिसऱ्या दिवशी ते तिला घेऊन बाहेर निघाले. लिफ्टचं दार उघडताच ती पांढरीफटक पडली, भिंतीला पाठ लावून थरथरायला लागली. मग ते जिन्याने उतरले. प्रत्येक मजल्यावर दार उघडं होतं आणि दारात कुणी ना कुणी उभं होतं. ती कुणाशीही बोलली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तपासनिसांना मागे खेचून विचारलं, "रागावली आहे का रे माझ्यावर? ओळखच दाखवत नाही."

आणि दर तासाला दहा मिनिटांनी आणि चाळीस मिनिटांनी, हातातलं काम थांबवून, ती मान वर करायची.

"नवीन काही?"

"नाही," तपासनीस म्हणायचे. ती मान खाली घालायची.

नोंदवहीत नऊ नंबरची शेवटची नोंद ती परत आली त्या संध्याकाळी सहा चाळीसची होती.

रविवारी दुपारी ते तिच्यासमोर बसले. "आपण पहिल्यांदा भेटलो," ते म्हणाले, "तेव्हा पाऊस नव्हता आणि तरी तुझ्या हातात काहीतरी होतं. मी त्यावरून तुला चिडवलं होतं. काय होतं ते?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना गोंधळ, ना खंत.

"ते तुम्ही अजून लिहिलं नाहीये," ती म्हणाली.

तपासनीस उठून लॅपटॉपपाशी गेले. एकही विनोद न करता त्यांनी लिहायला सुरुवात केली. तिचं गुणगुणणं लिहिलं. जिन्यावरच्या गप्पा लिहिल्या, कुणाशी किती वेळ ते लिहिलं. तिचे टोमणे आठवतील तसे लिहिले. चाव्या ती हरवत नाही, लिफ्टला ती घाबरत नाही, मीठ ती नीट घालते, ते सगळं मीच हसवायला लिहिलं होतं, असंही लिहिलं. लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की ती एकटी असताना काय विचार करायची, हे त्यांना ठाऊकच नाही. ती जागा त्यांनी सोडून दिली. शेवटी पहिली भेट लिहिली, छत्रीसकट.

तीन चाळीसला तिने विचारलं होतं, "नवीन काही?" आणि त्यांना नाही म्हणवलं नव्हतं. "येतंय," ते म्हणाले होते. चार आठ झाले. डोळ्यांतून पाणी येत होतं, अक्षरं नीट दिसत नव्हती. पुन्हा एकदा नाही म्हणण्याचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

मग सवयीने वाचायला घेतलं. शेवटच्या परिच्छेदात त्यांनी छत्री निळी लिहिली होती. त्या दिवशी त्यांचा स्वतःचा शर्ट निळा होता, तो रंग कसा कोण जाणे छत्रीला लागला होता. घाईघाईने त्यांनी 'हिरवी' केलं.

मागे खुर्चीत ती हसली. अगदी तिच्यासारखं, डोकं मागे टाकून.

"निळी छत्री!" ती म्हणाली. "ऊन रखरखत होतं आणि तुम्ही म्हणालात, ढगांची वाट बघताय का?"

तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. चार अकरा.

"हिरवी," ते म्हणाले.

"निळी होती हो."

ते आत गेले आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला. धूळ बसलेला टॅब जागेवरच होता. त्याच्यावर छत्री होती. दांड्याशी पडलेली चीर तीच होती, तिने कधीतरी लाल दोऱ्याने घातलेला टाका तोच होता.

छत्री निळी होती.